पेढेवाल्याची आगाऊ दक्षिणा

एकदा एक पेढ्यांचा मोठा व्यापारी आपल्या पत्नीला आणि आईला घेऊन एका वृद्ध वैद्यांच्या दारी आला. व्यापाऱ्याचे नाव रेवणशेठ, पत्नीचे सुभद्रा. लग्नाला पुष्कळ वर्षे झाली होती, घरात मूल नव्हते.

सासूबाईंनी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. "वैद्यबुवा, हिला काय ते औषध द्या. सगळे उपास केले, सगळे नवस बोलून झाले. तुमच्या औषधानं गुण आला तर ठीक, नाही तर दुसरी मुलगी बघून ठेवली आहे आम्ही."

सुभद्रा खाली मान घालून बसली होती. वैद्यांनी तिची नाडी पाहिली आणि विचारले, "मुली, आज काय जेवलीस?"

"आज सोमवार आहे, बाबा."

"आणि काल?"

"काल एकादशी होती."

वैद्यांनी शिष्याला हाक मारून भाकरी, मेथीची भाजी आणि ताक आणायला सांगितले. "नाडी ठीक आहे. हिला फक्त भूक लागली आहे," ते म्हणाले. "देव उपाशी लेकीवर प्रसन्न होत असेल, असे मला वाटत नाही. जेव पोटभर."

मग ते रेवणशेठकडे वळले. "आता तुम्ही हात पुढे करा."

"मी?" रेवणशेठ चपापले. "मला काय झालंय? मी धडधाकट आहे."

वैद्यांनी तरीही नाडी पाहिली आणि त्यांच्या दिनक्रमाची चौकशी केली. रेवणशेठ अभिमानाने सांगू लागले. पहाटेपासून ते दुकानात असत. खवा करपू नये म्हणून त्यांची गादी अगदी भट्टीला चिकटून मांडलेली होती. तोंडात सतत तंबाखू. दुपारी कढईतून निघेल ते खायचे, कधी कचोरी, कधी जिलबी. झोप मिळेल तेवढी. घर दुकानापासून हाकेच्या अंतरावर होते, पण जायला-यायला टांगा.

वैद्य म्हणाले, "उपचार करीन. पण या वेळी दक्षिणा आधी घेईन."

"मागा, वैद्यबुवा. तुम्ही म्हणाल ते."

"तुमची ती भट्टीजवळची गादी, तंबाखूची चंची आणि टांगा."

सासूबाई उसळल्या. "अहो, गादी म्हणजे आमची लक्ष्मी! ती कुणी मागतं का?"

सुभद्रेला मात्र घास हातात असतानाच हसू फुटले. तिने पदर तोंडाला लावला, पण हसू थांबेना. रेवणशेठ तिच्याकडे पाहतच राहिले. तिला असे हसताना त्यांनी कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. दुसरी बायको करण्याची कल्पना त्यांना मुळीच मान्य नव्हती. आईपुढे बोलण्याचा धीर मात्र होत नव्हता.

तिघे घरी गेले आणि त्याच दिवशी ऊन कलल्यावर रेवणशेठ परत आले. टांगा गडी हाकत होता आणि स्वतः शेठ डोक्यावर गादी घेऊन मागून पायी चालत होते. सारी पेठ दारात येऊन हसत होती. घाम पुसत त्यांनी गादी ओसरीवर टाकली, चंची वैद्यांपुढे ठेवली आणि हलक्या आवाजात विचारले, "आता खरं सांगा. दोष माझ्यात आहे का?"

वैद्य म्हणाले, "शेठ, तुम्ही दुधातले जाणकार. उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागेल?"

"छे! विरजण मरून जातं. दूध कोमट झालं पाहिजे."

"पुरुषाच्या बीजाचंही तसंच आहे. त्याला गारवा हवा, म्हणून तर निसर्गानं त्याची जागा पोटाबाहेर ठेवली. तुम्ही ती रोज भट्टीला नेऊन टेकवता. वर तंबाखू, तळण, जागरण. बीज दुबळं होईल नाही तर काय?"

रेवणशेठांनी चंची आणखी पुढे सरकवली. मग म्हणाले, "खायचं काय?"

"तुमच्या पत्नीनं आज खाल्लं ते. भाकरी, हिरव्या भाज्या, मोड आलेले मूग, तीळ, शेंगदाणे, त्या त्या हंगामातलं फळ. सैल धोतर नेसा, पायी चाला, वेळेवर झोपा. एक ऋतू उलटेपर्यंत धीर धरा. नवं बीज सिद्ध व्हायला तेवढा काळ लागतो. आणि हमी मी देत नाही. काहींचं कारण याहून खोल असतं, तसं वाटलं तर पुढे पाहू. पण मूल झालं नाही, तरी ते सुभद्रेचं पाप नव्हे. तुमचंही नव्हे."

शेठ गेल्यावर शिष्याने विचारले, "गुरुजी, आपण कधी कुणाकडून आगाऊ काही घेतले नाही. हे सारे आईंच्या समोर सरळ सांगितले असते तर?"

"सरळ सांगितलं असतं, तर ते आरोप म्हणून ऐकलं गेलं असतं," वैद्य म्हणाले. "आरोपापुढे माणूस ताठतो, बाळा. पण याचकापुढे तो उदार होतो. सवय सोड म्हटलं की जिवावर येतं. दान कर म्हटलं की तीच सवय तो डोक्यावर घेऊन पोहोचवायला येतो. आणि एकदा दिलेलं परत मागायची त्याला लाज वाटते."

पेठेत आता नवल घडू लागले. रेवणशेठ दुकानाच्या पुढच्या मोकळ्या ओट्यावर चटईवर बसू लागले. भट्टीवरच्या आचाऱ्यांच्याही त्यांनी पाळ्या लावल्या आणि भिंत फोडून मोठी खिडकी काढली. तंबाखूची तलफ आली की ते बडीशेप चघळत आणि गिऱ्हाइकांवर उगाच खेकसत. सुरुवातीचे ते दिवस सर्वांनाच जड गेले. पण संध्याकाळी पती-पत्नी नदीपर्यंत पायी जाऊ लागली, आणि इतक्या वर्षांत न झालेल्या गप्पा वाटेवर होऊ लागल्या.

दुसऱ्या मुलीकडची माणसे बोलणी करायला आली, तेव्हा रेवणशेठ सर्वांसमोर उभे राहिले. "उपचार माझ्यावर चालू आहेत," ते म्हणाले. "सुभद्रेला कुणी बोल लावायचा नाही. आणि मूल होवो न होवो, या घरात दुसरं लग्न होणार नाही." सुभद्रा स्वयंपाकघराच्या दारात रडत उभी होती, आणि हसतही होती.

पुढे आंब्याला मोहर आला त्या सुमारास सुभद्रेला दिवस गेले. मुलगी झाली. सासूबाई स्वतः पेढ्यांची परात घेऊन वैद्यांकडे आल्या आणि सुनेचे कौतुक सांगता सांगता थकल्या. वैद्यांनी पथ्य बाजूला ठेवून दोन पेढे खाल्ले.

त्याच दुपारी परगावची एक वृद्धा आपल्या सुनेला घेऊन दारात उभी राहिली. "पोरीला काही औषध मिळेल का हो?"

वैद्य उठणार, इतक्यात शिष्याने तिघांसाठी पाट मांडले आणि नम्रपणे म्हणाला, "बसा, आजी. मुलगा बाहेर थांबलाय का? त्यालाही आत बोलवा."

वैद्य पुन्हा खाली बसले आणि शांतपणे औषध कुटू लागले.