घाण्याचं तेल, घरचा डालडा

“मग माझ्या डालड्यानंच खाल्लं का हिचं डोकं? हो म्हना, नायतर न्हाई म्हना.”

मोतीगिरी गोसाव्यानं मठाच्या वसरीत मांडी घातली. भिक्षेच्या झोळीतनं भाकरी काढत बसला.

लिंबाजी तेल्याचं टाळकं सरकलं. भर उन्हात बायकोला हाताला धरून ही टेकडी चढून आलो, अन् ह्या माणसाला जेवायचं पडलंय.

लिंबाजीच्या करडईच्या तेलाला बारा गावांत नाव व्हतं. लाकडी घाणा, घरचा बैल, भेसळीचा थेंब न्हाई. ती मिजास त्याच्या चालण्यात दिसायची. पण चांगलं तेल इकायचं अन् घरात डालड्याचा डबा आणायचा, ही त्याची चाळीस वर्सांची रीत. तेल्यानंच तेल खाल्लं तर धंदा बसला, असं तोच म्हनायचा. त्याच्या बायकोनं, केवळानं, त्याच डालड्यात फोडण्या घातल्या. त्यातच तळलं. उरलेलं गाळून दुसऱ्या दिवशी पुन्हा कढईत.

आता केवळाला चूल पेटवायची आठवत न्हाई. लेकीचं नाव आठवत न्हाई. घरात दोघंच, अन् दोन म्हैनं झालं, त्यातलं एक दुसऱ्याला वळखत न्हाई.

तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं व्हतं, तसल्या डालड्यानं धोका वाढतो असं म्हनतात खरं, पण एकट्या त्यानंच झालं असं कुनी छातीठोक सांगू शकत न्हाई. वय असतंय, बीपी असतंय, धा गोष्टी असतात. लिंबाजीला ते पटलं न्हाई. त्याला हो पायजे व्हतं, नायतर न्हाई.

तवापासनं तो तिच्या जेवणात घाण्याचं तेल घालायला लागला. सकाळी मापानं, सांजच्याला मापानं. डालडा उकिरड्यावर फेकला, तळलेलं बंद. ती तोंड फिरवायची. तो वरडायचा. मग दोघं दोन भिंतींकडं तोंड करून बसायचे, दिवस मावळेपत्तुर.

“बुवा, मी काय तरी इचारलं.”

“ऐकलं.”

“मग?”

“मला ठावं न्हाई.”

“तुमाला न्हाई, डॉक्टरला न्हाई… मग जायचं कुनाकडं मी?”

गोसाव्यानं कटोरा तिघांच्या मधी ठिवला. चार घरची आमटी एकात एक वतलेली. वर तेलाचा तवंग.

लिंबाजीनं वाकून वास घेतला. नाक तयारीचं.

“हे पामतेल. ह्यात डालडा बी हाय. अन् हे तर तळणीचं जळकं, कुण्या भिकारड्याच्या घरचं? तुमी खाता हे?”

“घालत्यात ते खातो.”

“तुमचं बी डोकं जाईल, बुवा.”

“जाईल.”

लिंबाजीनं केवळाच्या म्होरला कटोरा आपल्याकडं वढला. हिला ह्यातलं द्यायचं न्हाई, म्हनला.

केवळा इतका वेळ खांबाला टेकून बसली व्हती. तिनं हात लांब केला. कटोरा हळूच परत मधी सरकवला. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, अन् डोईवरचा पदर सावरून लिंबाजीच्या तोंडाम्होरं धरला.

“पाव्हणं, घ्या की. लांबनं आलाव. लाजू नगा, मी हाय संगट जेवायला.”

चाळीस वर्सांत ती त्याच्या संगट कधी जेवली नव्हती. तो उठल्यावर, त्याच्याच ताटात, उरलंसुरलं.

लिंबाजी ताडकन उभा ऱ्हायला.

“पाव्हणा न्हाई गं मी… नवरा हाय तुझा. लिंबाजी.”

केवळा हसली. घरी आलेल्या अनोळखी माणसाकडं बघून हसावं, तशी. हात तसाच वर. आमटी मनगटावरनं कोपरापत्तुर वघळली.

“बुवा, सांगा हिला… तुमी तरी सांगा की…”

गोसाव्यानं त्याच्या खांद्यावर हात ठिवला अन् दाबून खाली बसवला.

“पाव्हण्यानं फोडणी कशाची हे इचारायचं नसतंय. तोंड उघड.”