तिसरी पायरी

"...मग बाई, ही खुर्ची माझी कधी होणार?"

विक्रांत मगदूमनं सगळ्यांसमोर विचारलं. आरवाडे बाई चष्मा पुसत राहिल्या.

सांगलीत वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर दुसऱ्या शनिवारी सकाळी आम्ही वेबसाइट बनवणारे जमतो. पद्धत साधी. ज्याचा कोड अडलाय त्यानं स्टुलावर बसायचं, बाईंनी समोरच्या खुर्चीवर बसून ऐकायचं. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यापासून बाईच हा गट चालवतात. आता डोळे साथ देईनात, म्हणून त्या खुर्ची सोडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. विक्रांतनं तर भाषणही पाठ करून ठेवलं असावं.

त्याला कोडची पहिली ओळ बाईंनीच शिकवलेली. पण गेल्या पाच वर्षांत तो एकदाही स्टुलावर बसला नव्हता.

"काय काय केलंस, सांग की," बाई म्हणाल्या.

"ब्लॉगवर दोनशे लेख लिहिले, मराठीत. नवशिक्यानं वेबसाइट कशी उभी करायची, तो लेख तर लाखभर लोकांनी उघडलाय."

"आणि शंका किती आल्या?"

"एकही नाही, बाई! चार वर्षांत एकही नाही. खाली नुसतं कौतुक. इतकं सोपं लिहिलंय मी."

"एकही नाही..."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"माझ्या वर्गात तर फळा पुसायच्या आत दहा यायच्या. ब्लॉग उघड बघू. बाहेरून नको, आतून. भिंतीवर दाखव सगळ्यांना."

विक्रांतनं प्रोजेक्टर लावला, पासवर्ड टाकला, प्रतिक्रियांचं पान उघडलं.

मंजुरीच्या प्रतीक्षेत : ३१८.

"त्या जाहिराती आहेत, बाई," तो घाईघाईनं म्हणाला.

जाहिराती घुसतात म्हणून त्यानंच चार वर्षांपूर्वी तशी सोय केली होती. एकदा मंजुरी मिळालेले थेट आत, पहिल्यांदाच लिहिणाऱ्यानं मंजुरीसाठी थांबायचं. तो आकडा त्याला रोज दिसत होता. शहाण्यानं एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

"सगळ्यात जुन्यापासून वाच. मोठ्यानं."

"'तिसऱ्या पायरीला एरर येतोय.'"

"पुढची."

"'सर, तिसरी पायरी चालत नाही. मदत करा.'"

"पुढची."

"'चार दिवस झाले. तिसऱ्या पायरीवरच आहे. घरी सगळे हसतात.'"

"थांबू नकोस."

"'सोडून देते. आपल्याला जमणारं नाही हे...'"

विक्रांत वाचायचा थांबला. आम्हीही हादरलो होतो. त्याच्या ब्लॉगचं कौतुक करणारे आम्हीच तर होतो.

त्यानं लेख उघडून तिसरी पायरी वाचली. मग पुन्हा वाचली. ती चालायला आधी एक प्रोग्राम बसवावा लागतो. त्याच्या लॅपटॉपवर तो आधीपासून होता, म्हणून ते लेखात सांगायचं राहिलं.

"एक ओळ..." तो पुटपुटला. "एकच ओळ राहिली, बाई."

"आता सगळ्यात नवी वाच. गेल्या महिन्यातली."

त्यानं पुन्हा प्रतिक्रियांचं पान उघडून सगळ्यात वरची पाहिली. शेवटी भिंतीवर आम्हीच वाचलं.

'नव्या कॉम्प्युटरवर, तुम्ही लिहिलंत तसंच केलं. तिसऱ्या पायरीला अडलेय. माझं काय चुकतंय? - शकुंतला आरवाडे, सांगली.'

विक्रांतनं वळून बाईंकडे पाहिलं.

"बाई... तुम्ही? अहो, मला फोन करायचा ना!"

"मी केला असता रे. बाकीच्या तीनशे सतरा जणांकडे तुझा नंबर कुठाय?"

विक्रांत मटकन स्टुलावर बसला. डोळे भरून आले होते. "खुर्ची नको मला, बाई. माझी लायकी नाही."

बाई उठल्या. त्याचा दंड धरून त्यांनी त्याला उभं केलं, आपल्या खुर्चीवर बसवलं.

मग स्टूल पुढे ओढून त्या स्वतः त्याच्यासमोर बसल्या. पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं.

"सर," बाई म्हणाल्या, "मी अजून तिसऱ्या पायरीवर आहे."