शमीच्या मुळाशी

पूर्वी मरुकच्छ नगरात सुबाहू राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नगरापलीकडच्या वाळवंटात घोरपडीच्या जन्माला आले होते. एका शमीच्या मुळाशी त्यांचे बीळ होते.

एका उन्हाळ्यात वाट चुकलेला तांडा तिथे येऊन टेकला. पखाली कोरड्या पडल्या होत्या. तांड्यातल्या रोहाची तान्ही लेक सकाळपासून रडली नव्हती, आणि त्यानेच रोहाच्या काळजाचे पाणी पाणी झाले होते. रडणारे लेकरू परवडले बाई, गप्प पडलेले नको!

तांडेवाल्यांची जुनी रीत होती, जिथे हिरवे तिथे खणावे. समोर लाण्याची झुडपे होती, फुगीर पानांची, हिरवीगार. रोहाचा नवरा धनुक तिथे कुदळ घेऊन तुटून पडला. पाणी लागले, पण तोंडात घेताच त्याने ते थुंकून टाकले. नुसते मीठ! दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते.

तेवढ्यात त्याला बिळातून शेपटी दिसली. "घोरपड! हिचे रक्त तरी पोरीच्या जिभेला लावू."

रोहाच्या जिवावर आले, पण नको म्हणवेना. आई होती ना ती!

भीतीने बोधिसत्त्वांचे अंग कापत होते. बिळाला मागून वाट होती, तरी ते कुदळीपुढे आले.

"बाबा, माझ्या रक्ताने पोर किती वेळ जगेल? लाण्याला खालून गोडे पाणी मिळत नाही, म्हणून तो पानांत साठवून जगतो. ही शमी बघ. पाने बारीक, पण भर उन्हाळ्यात तिला नवी पालवी आहे. तिची मुळे पाण्याला भिडली आहेत. माझे बीळ फार खोल आहे, त्याचा तळ ओला असतो. तिथे खण."

"आणि खोटे निघाले तर?"

"मी इथेच आहे."

धनुकाने बीळ फोडले. रोहाने एका हाताने लेक सावरली, दुसऱ्याने घोरपड दाबून धरली. त्या इवल्या जिवाचे काळीज तिच्याइतकेच धडधडत होते. एक पुरुषभर खोल खणले, माती कोरडीच. धनुकाने वर पाहिले, तशी रोहाची पकड घट्ट झाली. आणखी एक पुरुषभर. मग माती काळी झाली, आणि पाणी झिरपू लागले. गोडे!

ओठ ओले होताच लेक रडली. रोहाने हात उचलला आणि घोरपडीपुढे डोके टेकले.

ही कथा सांगून शास्ते, भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, धनुक म्हणजे आज तुमच्यातला हा उतावळा उत्तरक. रोहा म्हणजे सकाळी आपल्याला पाणी देणारी उपासिका. आणि ती घोरपड मीच. मला भीती वाटली नाही असे समजू नका. भीतभीत केली, तरी ती करुणाच."