मुठीतल्या अक्षतांची कहाणी

ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी. अक्षता घेतल्यात ना गं सगळ्यांनी? मूठ मिटा. संपेतो उठायचं नाही, उठेल तिला दोष. हुंकार तेवढा द्या.

आटपाट गाव होतं. तिथं एक पाटील होता. त्याला दोन बायका. थोरली पारू, धाकटी सगुणा. एके दिवशी थोरली दिसेनाशी झाली. सासू म्हणे, "पळाली मेली, तोंड काळं करून! आणि परसातल्या विहिरीकडं फिरकायचं नाही हो. पाण्यातल्या आसरा आहेत तिथं, बायांना ओढून नेतात."

पुढं उन्हाळा आला, आड आटला. सगुणेनं भीत भीत त्या विहिरीत पोहरा सोडला. पोहऱ्याला लुगड्याची धांदोटी अडकून आली. पारूचंच लुगडं! सगुणेनं ती पदराखाली लपवली. घरात यावं तो सासू लेकाला सांगतेय, "हिचीही कूस उजवत नाही. श्रावणातल्या अवसेला हिलाही आसरा नेतील. तिसरी बघून ठेवलीय मी."

सांगायचं कुणाला? "हो" आणि "वाढू का", एवढीच तिची भाषा.

मग जिवती म्हातारीच्या रूपानं दारी आली. "बाई बाई, का रडतेस? तुला वसा देते. पाहिलं ते सांगावं. भिऊन गिळू नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

श्रावण आला. शुक्रवारी गावच्या बाया पाटलाकडं जमल्या. कहाणी सांगायचा मान सुनेचा. सगुणेनं तोंड उघडलं, सासूनं डोळे वटारले. मग पोथीतलीच वाचली. दुसरा शुक्रवार आला. तोंड उघडलं, पाटील उंबऱ्यात खाकरला. मग पोथीतलीच वाचली. तिसरा, चौथा तसाच गेला. शेवटचा शुक्रवार आला. दुसऱ्या दिवशी अवस!

मग तिनं पोथी मिटली. म्हणाली, "आटपाट गाव होतं. तिथं एक विहीर होती. विहिरीत एक बाई होती. तिचं नाव पारू."

हुंकार थांबला. सासू लाल झाली, पण उठते कशी? अक्षता मुठीत. पाटील गरजला, "गप!" पण बायकांच्या पूजेत त्याला पाऊल टाकता येईना. सगुणेनं पुन्हा पोथीकडं हात नेला.

मग शेजारची ठकूआजी म्हणाली, "हूं. सांग पोरी."

मग सगुणेनं धांदोटी सांगितली, अवस सांगितली, सगळं सांगितलं.

"मग?" बाया म्हणाल्या.

"पुढचं मला ठाऊक नाही. कहाणी पुरी झाली नाही."

"मग आम्ही नाही उठत!"

दिवस कलला. चुली थंड. नवरे बायकांना बोलवायला आले. त्यांनी ऐकलं, विहिरीत गळ टाकला. पारूची हाडं वर आली. गावानं मायलेकांच्या मुसक्या बांधल्या. मग सगुणा म्हणाली, "पारूबाई, पुरी झाली गं तुझी." आणि हंबरडा फोडला.

बाया उठल्या. ठकूआजीची सून तेवढी उठली नाही. मूठ मिटलेलीच. खाली बघत म्हणाली, "आता माझी ऐका."

ठकूआजीचा हुंकार घशातच राहिला.

जशी जिवती सगुणेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. भीत भीत का होईना, मीही पुरी सांगितली. ही साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं आली, ऐकणारणीसकट सुफळ संपूर्ण.