एकदा येऊन जा

“आणि त्याच्यापुढे?” हणबर सरांनी विचारलं.

“त्याच्यापुढे नदी,” चिंतामण म्हणाला. “पाऊस घटतोय हे सिद्ध झालं, मग नदीचं पाणी किती घटेल त्यावर लिहिलं. आणि आता पैशाचा हिशेब, सर. पाऊस कमी पडला तर भरपाई किती द्यायची... सोमवारी विमा कंपनीशी करार आहे. अख्ख्या खोऱ्यातले विम्याचे दर माझ्या शोधनिबंधावरून ठरणार.”

“अरे वा! आणि हे सगळं उभं कशावर केलंस?”

“कशावर म्हणजे? तुमच्या परसातल्या पर्जन्यमापकावर! छत्तीस वर्षांची नोंद, एका दिवसाचा खाडा नाही.”

हणबर सर आजऱ्याकडच्या एका खेड्यात राहत. भूगोल शिकवून निवृत्त झालेले. चिंतामण देसाई त्यांचा लाडका विद्यार्थी. तो शहरात गेला, पावसावर डॉक्टरेट मिळवली, परदेशात व्याख्यानं देऊन आला. गावाकडे मात्र फिरकला नाही. आकडे तेवढे दरवर्षी न चुकता मागवायचा. आणि आता पन्नाशी उलटल्यावर उगवला, तो छापलेल्या निबंधांची यादी घेऊनच. विद्वानांना मोकळ्या हातांनी येववत नाही, त्याला कोण काय करणार!

“यादीवर हात ठेवा, सर. आशीर्वाद द्या.”

सरांनी चष्मा पुसला. यादी शेवटपर्यंत वाचली आणि खिडकीत ठेवून दिली.

“पहिलं माप आठवतं का रे?”

चिंतामण हसला. न आठवायला काय झालं? तो शाळेत असताना मापक दोघांनी मिळून बसवलेलं. सर सिमेंट कालवत होते, हा पाणी ओतत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपात्र छातीशी धरून हा चिखलातून नाचत आला होता. “सर, चौदा मिलिमीटर! चौदा!” शेजारच्या आक्का घाबरून काठी घेऊन धावल्या होत्या.

“काय दिवस होते, सर...” त्याचे डोळे भरून आले.

“साडेआठ झाले, मापाची वेळ. चल, आजचं माप तू घे.”

“छत्री?”

“राहू दे.”

श्रावणातली बारीक झड लागली होती. परसाच्या दारातून मापकापर्यंत जाताना दोघांचे खांदे ओले झाले. चिंतामण वाकला, नरसाळं उचलू लागला. सर शेजारी नुसते उभे राहिले.

“चिंत्या, अंगावर पाऊस पडतोय का?”

“नाही. थांबला वाटतं.”

सर चार पावलं मागे सरकले आणि तिथे उभे राहिले. त्यांच्या टोपीवरून पाणी ओघळायला लागलं.

चिंतामणने वर पाहिलं.

जांभूळ. गाव सोडताना त्यानेच लावलेलं गुडघ्याएवढं रोप. “माझी आठवण राहील, सर,” असं म्हणाला होता. आता त्याच्या फांद्या मापकावर पार ओणवल्या होत्या. पाऊस वरच्या वर पानांत अडत होता.

मापकाजवळ झाड नसावं. त्याच्या स्वतःच्या पुस्तकातला हा पहिला धडा. कॉलेजातल्या पोरांकडून तो घोकून घ्यायचा.

तो मटकन चिखलातच बसला.

“पाऊस घटला नाही, सर... झाड वाढलं.”

सरांनी मान डोलावली.

“म्हणजे नदी... विमा... सगळंच...”

सरांनी ओली टोपी काढून पिळली.

“तुम्ही सांगितलं का नाही?” तो ओरडलाच.

“आकडे पाठवले की फोनवर म्हणायचो ना, एकदा येऊन जा.”

“मला वाटलं, आठवण येते म्हणून म्हणताय!”

“ती तर येतच होती.”

“अहो, पण स्पष्ट सांगायचं!”

“सांगितलं असतं, तर झाड तोडा म्हणाला असतास...” सरांनी जांभळाच्या खोडावर हात ठेवला. “माझंही चुकलं, बाबा.”

मग चिंतामण उठला. “कुऱ्हाड कुठे आहे?”

सरांनी पडवीतून पहार आणली. “मापक उपट. तिकडे उघड्यावर बसव. झाडाला हात लावायचा नाही.”

“जागा बदलली की नोंद तुटली, सर. सोमवारी सगळ्यांसमोर सांगावं लागेल, माझं सगळं चुकलं म्हणून.”

“लागेल.”

“हसतील.”

“हसतील.”

“आणि या वयात पुन्हा पहिल्या मापापासून...?”

सरांनी पहार त्याच्या हातात दिली.

“पहिलं माप घेऊनच तर नाचत आला होतास, चिंत्या.”