विदुलेने पाठ थांबवला

एका राज्यात चुली पेटत नव्हत्या. गारगोटीवर गारगोटी आपटली तरी ठिणगी उडत नसे, लाकडावर लाकूड घासले तरी धूर निघत नसे. कल्मष नावाच्या मांत्रिकाने राजा रिपुंजयाच्या राज्यातला सारा अग्नी तांब्याच्या हंड्यात कोंडला, तो हंडा डोंगराच्या पोटातल्या गुहेत ठेवला, आणि तो मरून गेला. मांत्रिक गेला, शाप राहिला. लोक भिजवलेले धान्य खात, हिवाळ्यात एकमेकांना बिलगून निजत, आणि काही म्हातारी माणसे सकाळी उठतच नसत.

हंड्यावर एक धनेश पक्षी बसलेला असे. तो माणसाच्या वाणीने शापाचा नियम सांगे. "राजाच्या मुलांनी इथेच बसून गुरूकडून अग्निमंत्र शिकावा आणि एकमुखाने म्हणावा. ज्याच्या मनात अर्थ चुकेल तो दगड होईल. गुरूने पाठ मध्येच थांबवला, तर प्रत्येक थांब्याला गुरूचे काहीतरी मी घेईन."

राजाचे थोरले दोन पुत्र गुहेत दगड होऊन उभे होते. त्यांच्या गुरूंनी सारा मंत्र एका दमात शिकवला होता. शिष्य माना डोलावत होते, गुरू प्रसन्न होते. मग शिष्यांनी तोंडे उघडली, आणि ती तशीच उघडी राहिली.

आता उरली होती तीन मुले. सुकेतू, त्याची बहीण वारुणी आणि सर्वांत धाकटा अभ्र. त्यांना घेऊन आचार्या विदुला गुहेत आली. राजा दाराशी थांबला. त्याच्याने आत पाहवेना.

हंड्याच्या फटीतून येणाऱ्या तांबूस उजेडात विदुलेने पहिला चरण शिकवला. तिघांनी माना डोलावल्या. तिची नजर त्या दोन दगडांकडे गेली. ती थांबली.

"समजले का?"

"समजले, आचार्ये," तिघे म्हणाले.

"पहिला थांबा," धनेश म्हणाला, आणि तिचे काळेभोर केस पांढरेशुभ्र झाले.

विदुलेला कळून चुकले, की एवढे देऊन हाती काहीच आले नाही. समजले का म्हटल्यावर मुले हो म्हणणारच. दगड झालेली मुलेही हो म्हणाली असतील. तिने दुसरा चरण सुरू केला, आणि अर्ध्यावरच पुन्हा थांबली.

"सुकेतू, पहिल्या चरणात आपण कुणाला हाक मारतो?"

सुकेतूने अख्खा चरण घडाघडा म्हणून दाखवला. एक मात्रा चुकली नाही.

"शब्द मला ठाऊक आहेत. अर्थ तुझ्या बोलीत सांग."

"अरणीला हाक मारतो," तो अडखळत म्हणाला. "ती... अग्नीची राणी असावी."

कुणी हसले नाही. अग्नी गेल्यावर जन्मलेल्या मुलाला अरणी कुठून ठाऊक असणार? विदुलेने जमिनीवरच्या दोन काटक्या उचलून एकमेकींवर घासल्या. "अरणी म्हणजे घासून अग्नी काढायचे असे लाकूड. अग्नी त्यात झोपलेला असतो. आपण त्याला लाकडातून उठवतो. वारुणी, मग दुसऱ्या चरणात कुठून उठवायचा?"

"दगडातून, आचार्ये. गारगोटीतून."

"अचूक."

"दुसरा थांबा," धनेश म्हणाला. विदुलेच्या डोळ्यांतून रंग निघून गेले. हंड्याचा उजेड तिला राखेसारखा दिसू लागला.

तिने दुसरा चरण पुरा करून तिसरा धरला. अभ्रचे ओठ हलत होते, पण नजर तिच्या पांढऱ्या केसांवरून हलत नव्हती. तिने तिसऱ्यांदा पाठ थांबवला.

"अभ्र, तुझा धागा कुठे तुटला?"

अभ्र रडू लागला. "पहिल्यापासूनच काही कळले नाही. दादाने मान डोलावली, म्हणून मीही डोलावली."

"मग विचारले का नाहीस?"

"विचारले असते तर तुमचे आणखी काही गेले असते."

विदुला त्याच्यापुढे मांडी घालून बसली. "ते माझे आहे, बाळा. द्यायचे की राखायचे, ते मी ठरवीन. तू विचार."

अभ्रने विचारले. एकदा विचारले, पुन्हा विचारले. विदुलेने लाकडापासून सारे परत सांगितले, आणि तिसऱ्या चरणाशी येताच त्याचा तळहात त्याच्याच पोटावर ठेवला. "भूक लागते तेव्हा इथे काय होते?"

"जळते," अभ्र म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे अग्नी इथेही आहे?"

"इथला अग्नी कल्मषाला कोंडता आला नाही. म्हणून शेवटची हाक याला."

"तिसरा थांबा," धनेश म्हणाला, आणि विदुलेच्या हातांतली ऊब गेली.

मग तिघांनी मंत्र म्हटला. विदुलेने डोळे मिटले नाहीत. तिने तिन्ही चेहरे शेवटच्या अक्षरापर्यंत पाहिले. हंडा तडकला. थोरल्या राजपुत्रांनी अर्धवट राहिलेला श्वास घेतला. धनेश उडून गेला.

अग्नी जमिनीवर पसरला, पण तो फार दिवसांचा भुकेला होता. राजाने आत धावत येऊन फांदी पुढे केली, तिची क्षणात राख झाली. दुसरी फांदीही गेली. तेव्हा विदुला खाली वाकली आणि तिने ओंजळीत निखारे उचलले. तिच्या थंडगार हातांत अग्नी शांत झाला.

ती तशीच डोंगर उतरली. पाचही भावंडे तिच्या मागून चालली, राजाही चालला. पायथ्याच्या पहिल्या झोपडीत एक बाई चुलीपुढे बसून होती. विदुलेने ओंजळ चुलीत रिती केली. लाकडे धडधडून पेटली. विदुलेला त्यांचा रंग दिसला नाही, धगही जाणवली नाही. बाईने भाकरी थापली आणि तव्यावर टाकली.

शेजारणी निखारे न्यायला दाराशी गोळा झाल्या. दिवस मावळेपर्यंत घराघराच्या छपरातून धूर निघणार होता. तव्यावरची पहिली भाकरी फुगली, तिचा खरपूस वास झोपडीभर पसरला, आणि तो विदुलेपर्यंत पोहोचला.