प्रावेर्नाची मुकी गाय

मिलानहून पश्चिमेला जाणारी गाडी बराच वेळ भातखाचरांतून धावते. उत्तर इटलीतल्या या सपाटीवर भात होतो हे माहीत नसलेला मराठी माणूस खिडकीपाशी थक्क होऊन बसतो. उन्हाळ्याच्या तोंडावर खाचरांत पाणी सोडलेलं असतं आणि त्या पाण्यात मोन्ते रोझाची बर्फाची शिखरं उलटी उभी दिसतात. मग नदीच्या काठाने रस्ता चढू लागतो. आधी चेस्टनटची रानं लागतात, त्यांच्यावर बीचची झाडं, आणि सगळ्यात वर शरद ऋतूत पिवळे होणारे लार्च. घरांची छपरं दगडी फरशांची, पुढे लाकडी सज्जे, आणि सज्जांत वाळत घातलेलं गवत. रस्ता संपतो तिथे प्रावेर्ना.

सप्टेंबर सरताना गुरं डोंगरावरच्या कुरणांतून खाली येतात. आसपासच्या सगळ्या गावांत त्या दिवशी मिरवणूक असते. गाईंच्या शिंगांना फुलं बांधतात, गळ्यात मोठाल्या घंटा घालतात, आणि दोन वळणं अलीकडेच तो गलका कानावर येतो. प्रावेर्नात मात्र सगळ्यांत पुढची गाय मुकी चालते. तिच्या गळ्यातली घंटा सर्वांत मोठी असते, पण तिच्यात गवत गच्च कोंबलेलं असतं. शिंगांना फूल नाही, कपाळाला फीत नाही. ती देवळासमोर येऊन थांबते. वरच्या कुरणावरून आलेली एक म्हातारी पुढे होते, घंटेतलं गवत उपसते आणि गावच्या महापौराच्या ओंजळीत ठेवते. महापौराने टोपी आधीच काढलेली असते. मग मनोऱ्यावरची घंटा वाजते आणि बाकीच्या गाई चौकात येतात.

पाहुणे पहिल्यांदा हसतात. सुटाबुटातला माणूस हातात गवत धरून उभा म्हटल्यावर हसू येणारच. मग कुणीतरी रेमिजियोला विचारतं. देवळासमोरच्या बाकावर बसणाऱ्या या म्हाताऱ्याने उभा जन्म चीज बनवण्यात घालवला. सारा गाव त्याला बार्बा म्हणतो. त्या डोंगरात काकाला आणि कुठल्याही मानाच्या म्हाताऱ्याला बार्बा म्हणतात.

"आधी हसून घ्या," बार्बा म्हणतो. "नंतर हसता येत नाही."

आणि तो सांगू लागतो.

फार पूर्वी, खालच्या सपाटीवर महामारी आली होती त्या वर्षाची गोष्ट म्हणे. गावात ओर्सोला नावाची बाई होती. तिचा नवरा उबेर्तो आणि ती दर उन्हाळ्यात गुरं घेऊन वरच्या कुरणावर जात. बरोबर आणखी दोन घरची माणसं असत. ओर्सोलाचा धाकटा भाऊ इलारियो गावातच राही, कारण तो देवळाचा घंटेकरी होता.

घंटेकऱ्याचं काम तेव्हा प्रार्थनेपुरतं नव्हतं. कुरणावरून उतरणारी वाट एका कड्याच्या अंगाने येते आणि मधेच एका ठिकाणी डावीकडे वळते. वळण चुकलं तर पुढे वाट नाही, दरी आहे. उजेडात ते कुणालाही दिसतं. पण शरदात दरीतून धुकं चढतं तेव्हा स्वतःचे पाय दिसत नाहीत. म्हणून नियम असा होता की धुकं आलं की घंटेकऱ्याने ते निवळेपर्यंत घंटा वाजवत राहायची. उतरणाऱ्याने सरळ चालायचं. वळणापाशी आलं की डोंगराचा आडोसा सरतो आणि घंटा कानावर पडते. पडली की तिच्याकडे तोंड करायचं आणि वळायचं. आवाज नाही तोवर वळण नाही. पोरांना चालायला शिकवताना ही गोष्ट शिकवत.

वर जायच्या दिवशी ओर्सोला भावाचा निरोप घ्यायला मनोऱ्यात गेली. इलारियो तिथेच बसून भाकरतुकडा खात होता.

"झोपू नकोस म्हणजे झालं," ती म्हणाली. "माझ्या लग्नाच्या दिवशी दोर धरूनच पेंगला होतास."

"पेंगलो नव्हतो. पाद्री लांबण लावत होता, डोळे मिटून ऐकत होतो."

"घोरत ऐकत होतास."

इलारियो हसला. मग हसू आवरून तो उठला. त्याने दोर हातात घेतला आणि म्हणाला, "धुकं असेतोवर हा दोर माझ्या हातून सुटणार नाही, ओर्सोला. सुटला तर हात झडोत."

आईबाप गेल्यावर हा भाऊ तिनेच वाढवला होता. त्याच्या शपथेवर विचार करायचा असतो हेच तिला माहीत नव्हतं. ती वर गेली.

ऑगस्टच्या सुमारास खिंडीपलीकडून सुयादोरे विकणारा एक फेरीवाला कुरणावर आला. त्याला ताप होता. ओर्सोलाने त्याला झोपडीत निजवलं, दूध पाजलं. बरा झाल्यावर तो आला तसा खिंडीने परत गेला. गोष्ट एवढीच. पण रानात कोळसा पाडणाऱ्या एका माणसाने त्याला झोपडीत पडलेलं पाहिलं, आणि गावात बातमी पोचली ती निराळीच होऊन. महामारी कुरणावर आली आहे.

देवळात सभा बसली. सपाटीवरच्या गावांत मुडदे पुरायला माणूस उरलेला नाही, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. वरच्या माणसांना येऊ द्यायचं नाही यावर वाद झाला नाही. प्रश्न होता वर जाऊन त्यांना सांगायचं कुणी. कुणाचा भाऊ वर होता, कुणाची लेक. गावाचा मुखिया खाली पाहत बसला. मग कुणीतरी म्हणालं, आणि ते कोण होतं हे गावाने आजतागायत सांगितलेलं नाही, की सांगायला कशाला हवं? घंटा वाजली नाही तर धुक्यात उतरतंय कोण? ती माणसं आपोआप वरच थांबतील.

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं, असं सांगतात. कुणाला तोंडावर नाही म्हणावं लागणार नव्हतं. फक्त घंटा वाजणार नव्हती.

इलारियोने शपथेबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याची बायको गरोदर होती.

कुरणावर यातलं काही ठाऊक नव्हतं. सप्टेंबरात वारा फिरला, बर्फाचा वास येऊ लागला, आणि वरचं गवत संपत आलं. ती माणसं गुरं घेऊन निघाली. अर्ध्या वाटेवर धुकं चढलं. कुणी घाबरलं नाही, गाव घंटा वाजवणार हे ठरलेलंच होतं. पुढे उबेर्तो, त्याच्यामागे ओर्सोला, आणि तिच्या हातात मोराचं दावं. मोरा ही त्यांची जुनी गाय, काळसर अंगाची, दर वर्षी कळपापुढे चालणारी. बाकीचे मागून येत होते.

एका जागी मोरा थांबली. दावं ओढलं तरी हलेना.

"म्हातारी झाली ही," उबेर्तो म्हणाला. "वळणापाशी आलोय असं वाटतंय हिला."

"घंटा कुठेय?"

"तेच म्हणतोय. तुझा भाऊ आज पेंगला नाही ना?"

ओर्सोलाने काय उत्तर दिलं ते गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे, पण ते बार्बा सावकाश सांगतो.

"नाही पेंगणार," ती म्हणाली. "शपथ घेतलीय त्याने. तो वाजवत असणार. आपणच अजून लांब आहोत."

तिचं ऐकून उबेर्तो पुढे झाला. थोडीच पावलं. मग दगड घसरल्याचा आवाज आला, त्यानंतर खूप खालून नदीचा. नदी आधीही वाहतच होती, पण ओर्सोलाला ती तेव्हा ऐकू आली म्हणे.

ती किती वेळ हाका मारत राहिली ते कुणी सांगत नाही. मागचे लोक येऊन थांबले. पुढे जायची कुणाची छाती होईना. मग मोरा आपणहून डावीकडे वळली. ओर्सोलाने दावं सोडून दिलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. एकामागून एक, समोरच्याचं वस्त्र धरून, सगळी माणसं त्या गाईमागे उतरली. दुपार कलताना ती गावात शिरली तेव्हा दारं लागली होती आणि खिडक्यांच्या फटींतून डोळे पाहत होते.

ओर्सोला घरी गेली नाही. ती मनोऱ्यात गेली. तिला वाटत होतं भाऊ मेला असणार. दुसरं कारण तिला सुचतच नव्हतं.

इलारियो दोर ओढत होता.

तो घामाने भिजला होता. तळहातांची सालटी निघाली होती, दोराला रक्त लागलं होतं. तो खाली ओढत होता, सोडत होता, पुन्हा ओढत होता, आणि वरून काहीही ऐकू येत नव्हतं. ओर्सोला शिडीने वर चढली. घंटेच्या पोटात, लोलकाभोवती, गवत ठासून भरलेलं होतं. तिने ते ओढून काढलं. वास तिच्या ओळखीचा होता. गेल्या साली वरच्या कुरणावर तिने आणि उबेर्तोने कापलेलं गवत होतं ते, इलारियोच्या शेळीसाठी खाली पाठवलेलं.

ती कवळभर गवत घेऊन उतरली.

"मी दोर सोडला नाही," इलारियो म्हणाला. "विचार कुणालाही. धुकं आल्यापासून सोडला नाही."

"गवत कुणी भरलं?"

"सभेत ठरलं होतं."

"भरलं कुणी?"

"मी."

ओर्सोलाने गवत त्याच्या सोललेल्या हातांत ठेवलं. "धर," म्हणाली. त्याने धरलं. ती दोराजवळ गेली आणि घंटा वाजवू लागली. धुकं निवळेपर्यंत वाजवत राहिली, कारण उबेर्तो खाली कुठेतरी जिवंत असेल असं तिला अजून वाटत होतं. तो नव्हता.

महामारी प्रावेर्नात आली नाही. वरून आलेल्यांपैकी कुणी आजारी पडलं नाही. इलारियोला मुलगी झाली. ओर्सोलाने कुणाला शाप दिला नाही, भांडणही काढलं नाही. गावाला ते बरं वाटलं. विसरली, असं लोक म्हणू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात ती मोराला घेऊन पुन्हा वर गेली. शरदात गुरं उतरली तेव्हा पुढच्या गाईच्या घंटेचा आवाजच आला नाही. लोक कामातून मान वर करून पाहतात तो मोरा देवळापुढे उभी. ओर्सोलाने तिच्या घंटेतलं गवत काढलं आणि सगळ्यांदेखत भावाच्या हातात ठेवलं. त्यानेही ओंजळ पुढे केली. दर वर्षी असंच होऊ लागलं. भाऊबहीण शेजारी शेजारी राहत होते. तो आजारी पडला की ती त्याला मक्याच्या पिठाचा पोलेंटा शिजवून नेऊन देई. त्याच्या हातून मात्र तिने कधी पाण्याचा पेलाही घेतला नाही.

इलारियो तिच्याआधी गेला. त्याचं अंथरूण आवरताना तिला गादी उसवलेली दिसली. आत गवत होतं, वर्षावर्षाचं, थरावर थर. तळाचं भुगा झालेलं, वरचं अजून हिरवट. दर वर्षी हातात घेतलेलं गवत तो तिथे भरून त्यावर निजत असे. ओर्सोलाने ती गादी गोठ्यात नेऊन गाईपुढे रिकामी केली. गाईने हुंगलं आणि तोंड फिरवलं. इतकं जुनं गवत गाय खात नाही.

आता हे थांबेल, असं गावाला वाटलं. ज्याने भरलं तो गेला. पण त्या शरदात गाय पुन्हा मुकी आली. ओर्सोलाने गवत काढलं आणि चौकात उभ्या माणसांकडे पाहिलं. सभेला बसलेले बरेच जण तिथे होते. पाहता पाहता सगळ्यांच्या माना खाली गेल्या. ती हात पुढे करून तशीच उभी राहिली. शेवटी गावाचा मुखिया, तोवर चांगलाच थकलेला, पुढे आला. त्याने टोपी काढली आणि ओंजळ धरली.

तेव्हापासून ते मुखियाच्या हातात जातं. आता मुखिया नाही, महापौर आहे.

"पण बार्बा," तुरीनहून आलेली एक बाई विचारते, "तिने भावाला माफ केलं का?"

"तिने पोलेंटा दिला," बार्बा म्हणतो. "बाकीचं आम्हाला सांगितलं नाही."

"आणि आता तर वर गाडीरस्ता झालाय. प्रत्येकाकडे फोन आहे. धुक्यात घंटा कशाला लागते?"

"फोन माझ्याकडेही आहे, बाई. तो वाजला की माणूस फोनकडे बघतो, पायांकडे बघत नाही."

लोक हसतात. बोलता बोलता दरीतून धुकं चढू लागलेलं असतं, समोरचे लार्च पुसट होतात. मनोऱ्यात कुणीतरी जाताना दिसतं. बार्बा काठी घेऊन उठतो. पाहुण्यांना वाटतं गोष्ट संपली, पण त्याला काम असतं.

उबेर्तो गेल्यानंतरच्या पहिल्या धुक्यात घंटा वाजू लागली तेव्हा ओर्सोला त्या वळणापर्यंत चढून गेली आणि ऐकत उभी राहिली म्हणे. पुढे प्रत्येक धुक्यात जात राहिली, पाय चालत होते तोवर. तिच्यानंतर दुसरं कुणी जाऊ लागलं. आजही प्रावेर्नात घंटा एकट्याने वाजवत नाहीत. एक जण दोर ओढतो आणि दुसरा वळणावर जाऊन उभा राहतो. त्याला आवाज पोचला की तो तोंडाशी हात धरून खाली हाक देतो, ती वाटेवरच्या घरांतून पुढे पुढे येत मनोऱ्यापर्यंत पोचते. ती येईपर्यंत दोर ओढणाऱ्याने घंटा वाजते आहे असं समजायचं नसतं, मग त्याच्या स्वतःच्या कानांत ती कितीही घुमत असो.

आज पाळी बार्बाची आहे. तो काठी टेकत वर जातो आणि धुक्यात दिसेनासा होतो. घंटेचे ठोके पडत राहतात. चौकात पाहुणे वर कान लावून उभे असतात, त्यांना कुणी तसं सांगितलेलं नसतं. बऱ्याच वेळाने वरून एक म्हातारा आवाज येतो आणि घराघरांतून खाली उतरत जातो.

"ऐकू येतंय."